ग्रेटल: रिग्रेशनमधला गुंता दाखवणारे फुकट सॉफ्टवेअर, सीमाभागातल्या आकडेवारीसाठी कितपत कामाचे?

निपाणी-चिकोडी पट्ट्यातला ऊस असो की बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे कास्टिंग, रिग्रेशन (एका गोष्टीवर इतर गोष्टींचा किती परिणाम होतो ते आकड्यांवरून काढण्याची पद्धत) चालवले की एक निकाल वारंवार समोर येतो. आर-वर्ग (चढउताराचा मॉडेलने उलगडलेला हिस्सा) ०.८५, सगळे चल मिळून काही सांगतात का हे पाहणारी एफ चाचणी दणदणीत, पण खत, पाणी अशा सुट्या चलांपैकी एकही लक्षणीय, म्हणजे योगायोगापलीकडचा, नाही. त्यात युरियाचा गुणक (युरिया एककाने वाढला की उत्पादनात होणारा बदल) उणे. युरिया घातल्याने ऊस घटतो असे प्रबंधात लिहून मोकळे होण्याआधी थांबायला हवे. बहुतेक वेळा दोष पिकात नसतो आणि खतातही नसतो. मॉडेलमध्ये घातलेले चल एकमेकांच्या पायात पाय घालून चालत असतात. याला मल्टिकोलिनिॲरिटी म्हणतात. ती शोधायला कोणते साधन घ्यावे, हा या परीक्षणाचा विषय.

साधन आहे ग्रेटल. अर्थमितीसाठी (अर्थशास्त्रातल्या आकडेवारीच्या विश्लेषणासाठी) बनवलेले हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर ॲलिन कॉट्रेल आणि रिकार्दो लुकेत्ती या दोन प्राध्यापकांनी उभे केले. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. लायसन्सचे पैसे नाहीत, मुदत नाही, विद्यार्थ्यांसाठी वेगळी अर्धवट आवृत्ती नाही. जुन्या लॅपटॉपवरही ते हलके चालते, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमधल्या थकलेल्या संगणकांवर अडत नाही. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो: मल्टिकोलिनिॲरिटीच्या निदानासाठी, कोड न लिहिता काम करणाऱ्याने हेच घ्यावे. उपचारासाठी ते पुरेसे आहे, पण तिथे मोठा वाटा तुमच्या शेताच्या आणि भट्टीच्या माहितीचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही.

आकडे आत घेताना

एक्सेलची फाइल ग्रेटल थेट उघडते. सीएसव्ही, तसेच एसपीएसएस आणि स्टाटा या सांख्यिकी सॉफ्टवेअरांच्या फाइलीही उघडतात. आपल्या भागात अडचण वेगळी येते. स्तंभांची नावे मराठीत किंवा कन्नडमध्ये असतील तर ती चालत नाहीत. नाव रोमन अक्षराने सुरू झाले पाहिजे, मध्ये मोकळी जागा नको. आकडे देवनागरी किंवा कन्नड अंकांत टाइप केले असतील तर ते संख्या म्हणून नव्हे, मजकूर म्हणून आत जातात. लाखाचा स्वल्पविराम घातलेल्या रकमाही तोच घोळ करतात. हे सगळे एक्सेलमध्येच साफ करून घ्या.

याहून घातक चूक क्षेत्रफळाची. पहाणी पत्रकावर (जमिनीच्या उताऱ्यावर) २.२० असे लिहिले असेल तर ते २ एकर २० गुंठे असतात, म्हणजे दशांशात २.५ एकर. एकराचे ४० गुंठे. हा आकडा तसाच २.२० म्हणून घेतला तर क्षेत्र चुकतेच, शिवाय एकरी उत्पादन, एकरी खत, एकरी पाणी हे सगळे त्याच चुकीच्या आकड्याने भागले जातात. एकाच चुकीच्या भाजकाने भागलेले चल आपोआप एकमेकांशी जुळून येतात. त्यातून निघालेली मल्टिकोलिनिॲरिटी शेतातली नसते, कारकुनी असते. कोणतीही चाचणी ती दुरुस्त करणार नाही.

निदानाची खिडकी

मॉडेल मेनूतून ऑर्डिनरी लीस्ट स्क्वेअर्स (रिग्रेशनची नेहमीची पद्धत) निवडा, एकरी टन उत्पादन समीकरणाच्या डावीकडचा चल (ज्याचा अंदाज काढायचा तो) म्हणून द्या, बाकीचे उजवीकडे. निकालाची खिडकी उघडली की तिच्याच मेनूत ॲनालिसिस, त्याखाली कोलिनिॲरिटी. एवढेच. ग्रेटल हे स्वतःहून दाखवत नाही, ही पहिली तक्रार. मुख्य निकालात व्हीआयएफचा (व्हेरिअन्स इन्फ्लेशन फॅक्टर, चल इतरांत किती अडकला त्याचे माप) स्तंभ नसतो, म्हणून अनेकजण ती खिडकी कधी उघडतच नाहीत.

उघडल्यावर दोन गोष्टी दिसतात. वर प्रत्येक चलाचा व्हीआयएफ आणि खाली एक तक्ता. अनेक सॉफ्टवेअरे पहिल्या गोष्टीवर थांबतात. ग्रेटलची खरी किंमत दुसरीत आहे.

आधी व्हीआयएफ. एखादा चल बाकीच्या चलांवरून किती ओळखता येतो ते काढायचे, म्हणजे त्या चलालाच डावीकडे ठेवून बाकीच्यांवर रिग्रेशन करायचे. त्याचा आर-वर्ग १ मधून वजा करायचा आणि उरलेल्याने १ ला भागायचे. आर-वर्ग ०.८ असेल तर व्हीआयएफ ५, ०.९ असेल तर १०. याचा व्यवहारातला अर्थ वर्गमुळात आहे. व्हीआयएफ १० म्हणजे त्या गुणकाची प्रमाणित त्रुटी (अंदाजातली अनिश्चितता), चल एकमेकांपासून मोकळे असते तर जेवढी आली असती, त्याच्या ३.१६ पट. टी-मूल्य (गुणक भागिले त्याची प्रमाणित त्रुटी) त्याच प्रमाणात खाली येते, म्हणून लक्षणीय असायला हवा तो चल लक्षणीय दिसत नाही. गुणकाचे चिन्हही याच फुगलेल्या त्रुटीमुळे उलटते. अंदाज एवढ्या रुंद पट्ट्यात डोलतो की शून्याच्या पलीकडे जाणे सहज शक्य होते.

ग्रेटल १० च्या वरच्या मूल्यांबद्दल सूचना देते. ही सूचना म्हणजे कुऱ्हाड नव्हे. गुणकाची अनिश्चितता चार गोष्टींवर ठरते: उरलेली चूक किती मोठी, नमुना किती मोठा, त्या चलाचा पसारा किती आणि चौथा व्हीआयएफ. ९०० शेतकऱ्यांच्या नमुन्यातला १२ चा व्हीआयएफ, ४० शेतकऱ्यांच्या नमुन्यातल्या ४ च्या व्हीआयएफपेक्षा कमी त्रासदायक असू शकतो. म्हणून आधी प्रमाणित त्रुटी पाहा. ती तुमच्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतकी लहान असेल, तर व्हीआयएफ कितीही असो, काही करायची गरज नाही.

दोन-दोन चलांचा सहसंबंध पाहून भागेल का? भागत नाही, आणि हा गैरसमज आपल्याकडच्या प्रकल्प अहवालांत सर्रास दिसतो. सहसंबंधाचा तक्ता लावायचा, एकही आकडा ०.८ च्या वर नाही म्हणून मल्टिकोलिनिॲरिटी नाही असे लिहायचे. समजा उसाचे क्षेत्र, तंबाखूचे क्षेत्र आणि सोयाबीनचे क्षेत्र एकमेकांशी असंबंधित आहेत, तिघांचा पसारा सारखा आहे आणि चौथा चल आहे एकूण पेरणी क्षेत्र, जो या तिघांची बेरीज अधिक थोडी नोंदणीतली तफावत. तफावतीची विचरणता (पसाऱ्याचे माप) तिघांपैकी एकाच्या ३ टक्के धरली, तर एकूण क्षेत्राचा प्रत्येकाशी सहसंबंध फक्त ०.५७ येतो. तक्त्यात तो निरुपद्रवी दिसतो. पण एकूण क्षेत्राचा व्हीआयएफ १०१ आणि बाकी प्रत्येकाचा सुमारे ३४. गुंता दोघांत नसून चौघांत आहे, आणि जोडीजोडीने पाहणाऱ्याला तो कधीच दिसणार नाही.

खालचा तक्ता

व्हीआयएफ एवढेच सांगतो की हा चल अडकला आहे. कोणाशी अडकला आहे ते सांगत नाही. सहा चलांचे व्हीआयएफ मोठे असतील तर तो सहा जणांचा एक गुंता आहे की दोन-दोनांच्या तीन जोड्या, हे कळत नाही. उपचार मात्र त्यावरच ठरतो.

बेल्सली, कुह आणि वेल्श यांनी १९८० मध्ये मांडलेली पद्धत इथे लागते. ग्रेटलच्या तक्त्यात प्रत्येक ओळीला एक कंडिशन इंडेक्स (गुंत्याची तीव्रता सांगणारा आकडा) असतो आणि त्यापुढे प्रत्येक गुणकाच्या विचरणतेचा त्या ओळीकडे जाणारा वाटा. स्तंभातल्या वाट्यांची बेरीज १. वाचायचे खालून वर, कारण शेवटची ओळ सर्वात वाईट. कंडिशन इंडेक्स ३० किंवा अधिक असलेली ओळ धरा आणि तिच्यात ०.५ पेक्षा मोठे वाटे कोणत्या चलांचे आहेत ते पाहा. असे दोन किंवा अधिक चल सापडले, की तोच गुंता. १० ते ३० मधली ओळ मध्यम समजायची. ३० च्या वरच्या तीन ओळी असतील तर तीन वेगळे गुंते आहेत, आणि प्रत्येकासाठी वेगळा निर्णय घ्यावा लागेल. मोठ्या इंडेक्सच्या दोन ओळी एकमेकींच्या जवळ असल्या, म्हणजे ४० आणि ४५, तर वाटे दोघींत विखुरतात. तेव्हा त्या दोन्ही ओळींतले वाटे एकत्र मिळवून वाचा.

याच तक्त्यात एक सापळा आहे, आणि फाउंड्रीतल्या मंडळींनी तो मुद्दाम लक्षात ठेवावा. ही पद्धत स्थिरांकालाही (सगळे चल शून्य असताना येणारे मूल्य) एक स्तंभ मानते आणि चलांतून सरासरी वजा करत नाही. ओतण्याचे तापमान सरासरी १४०० अंश आणि प्रमाणित विचलन (सरासरीपासूनचा नेहमीचा फरक) १० अंश असेल, तर मॉडेलमध्ये हा एकच चल असला तरी कंडिशन इंडेक्स २८० येतो. एकच चल, व्हीआयएफ १, कोणाशी गुंता असण्याचा प्रश्नच नाही. इंडेक्स एवढेच म्हणतो आहे की तापमान शून्य असताना काय झाले असते हे सांगणे अशक्य आहे. ते कोणाला हवेही नसते. म्हणून ज्या ओळीत स्थिरांक आणि फक्त एक चल यांचेच वाटे मोठे दिसतात आणि त्या चलाचा व्हीआयएफ लहान आहे, ती ओळ सोडून द्या. तापमानातून १४०० वजा करून मॉडेल पुन्हा चालवले की ती ओळ नाहीशी होते.

सॉफ्टवेअरची गणिती ताकद तपासायची असेल तर लॉन्गलीची आकडेवारी घ्या. अमेरिकेच्या १९४७ ते १९६२ या १६ वर्षांच्या रोजगाराचे आकडे आणि त्यावर सहा चल. १९६७ पासून ही आकडेवारी रिग्रेशन प्रोग्रामांची परीक्षा घेण्यासाठी वापरली जाते. आर या सॉफ्टवेअरमध्ये ती आधीपासून असते, तिथून सीएसव्ही काढता येते. सकल राष्ट्रीय उत्पादनाचा व्हीआयएफ १७८८.५, वर्षाचा ७५९, लोकसंख्येचा ३९९ आणि सैन्यसंख्येचा जेमतेम ३.६ आला पाहिजे. सर्वात मोठा कंडिशन इंडेक्स ४३,२७५. विद्यार्थ्यांना शिकवताना पहिला सराव यावरच द्यावा, कारण उत्तर ठाऊक असल्याने वाचनावर लक्ष राहते.

पूर्ण गुंता आणि लपलेला पूर्ण गुंता

एक चल दुसऱ्यांच्या बेरजेतून तंतोतंत निघत असेल तर ग्रेटल त्यातला एक स्वतःच गाळते आणि पूर्ण कोलिनिॲरिटीमुळे अमुक चल वगळला असे लिहून दाखवते. ही नोंद वाचायला हवी. आपल्या भागात ती येण्याची ठरावीक कारणे आहेत. खानापूर, बेळगाव, चिकोडी, अथणी या सगळ्या तालुक्यांचे डमी (शेतकरी त्या तालुक्याचा असेल तर १, नसेल तर ० असे चल) आणि सोबत स्थिरांक घेतला तर एक डमी जातो, ते ठीक. पण एकाच वर्षाची आकडेवारी, तालुक्यांचे डमी आणि तालुक्याचा पाऊस असे तिन्ही घातले तर पाऊस किंवा आणखी एक डमी जातो. तालुक्यात सर्वांना एकच पाऊस नोंदवला असेल तर तालुका आणि पाऊस यांच्यात फरक करायला आकडेवारीत काही उरतच नाही. खानापूरच्या घाटाकडच्या भागात धो-धो आणि अथणीत तुटपुंजा, हा मोठा फरक कागदावर असला तरी तो पूर्णपणे डमींनी गिळलेला असतो. उपाय दोनच: गावनिहाय पर्जन्यमापकाचे आकडे घ्या, किंवा अनेक वर्षांची आकडेवारी घ्या.

खतांचेही तसेच. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र, डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. फक्त हीच दोन खते वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या आकडेवारीत युरियाची पोती, डीएपीची पोती आणि एकूण नत्र हे तिन्ही चल एकत्र घालू नयेत. पोती घ्या किंवा पोषकद्रव्ये घ्या. आकड्यांचे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन काम करत असाल तर आणखी जपा: गाळलेल्या उसाचे टन, साखर उतारा आणि तयार झालेली साखर यांचा गुणाकाराचा संबंध आहे, लॉग घेतल्यावर तो बेरजेचा होतो आणि तिन्ही एकत्र बसत नाहीत.

फाउंड्रीत याचा सर्वात फसवा प्रकार भेटतो. बीडाचा (ओतीव लोखंडाचा) कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे सीई, हा कार्बन अधिक सिलिकॉन व फॉस्फरस यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा. कार्बन ३.३०, सिलिकॉन २.१०, फॉस्फरस ०.०९ असेल तर सीई ४.०३. कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरस आणि त्यांच्यातूनच काढलेला सीई असे चारही हार्डनेसच्या मॉडेलमध्ये घातले तर पूर्ण गुंता आहे. तरीही सॉफ्टवेअर काहीही गाळणार नाही. का? कारण हीटच्या (भट्टीतल्या एकेका वितळणीच्या) रजिस्टरमध्ये सीई दोन दशांशांवर आणलेला असतो. राउंडिंगची ती बारीक तफावत ग्रेटलला खरी माहिती वाटते. सीईचे प्रमाणित विचलन ०.०५ असेल तर त्याचा व्हीआयएफ ३०० च्या आसपास येतो, आणि त्याचा गुणक केवळ राउंडिंगच्या चुकीवर उभा राहिलेला असतो. व्हीआयएफ शेकड्यांत दिसला की पहिला प्रश्न हाच विचारा: हा आकडा मोजलेला आहे की दुसऱ्या आकड्यांतून काढलेला? काढलेला असेल तर चर्चा नको, काढून टाका.

उपचार

सर्वात सोपा आणि सर्वात दुर्लक्षित उपचार सरासरी वजा करण्याचा. उसाचे वय आणि वयाचा वर्ग दोन्ही घातले, कारण उत्पादन ठरावीक वयापर्यंत वाढते आणि मग वाढ मंदावते. वय ९ ते १८ महिने, प्रत्येक महिन्याचे सारखेच प्लॉट धरले, तर या दोन चलांचा व्हीआयएफ ११४.९ येतो. वयातून सरासरी १३.५ वजा करून मग वर्ग केला की व्हीआयएफ १. ग्रेटलमध्ये नवीन चल तयार करण्याच्या खिडकीत एका ओळीत हे होते. मात्र ध्यानात ठेवा: वक्ररेषा तीच राहते, आर-वर्ग तोच राहतो, वर्गपदाचे टी-मूल्यही तेच राहते. बदलतो तो फक्त वयाच्या एकेरी गुणकाचा अर्थ. तो आता सरासरी वयाच्या उसाबद्दल बोलतो, शून्य महिन्यांच्या उसाबद्दल नाही. पावसाचा व खताचा गुणाकार घालतानाही हेच करा.

खरा गुंता, जो शेतातूनच आलेला असतो, तिथे काम कठीण आहे. आडसाली ऊस १६ ते १८ महिने उभा राहतो, सुरू लागण साधारण १२ महिने, खोडवा त्याच सुमारास तुटतो. म्हणजे हंगाम सांगितला की वय जवळजवळ सांगितल्यासारखेच. आडसालीला पाण्याच्या पाळ्या जास्त, खताचे हप्ते जास्त. हंगाम, वय, पाळ्या, खत हे चारही एका ओळीत ०.५ च्या वर दिसले तर आश्चर्य मानू नये. इथे एकेक चल काढून पाहण्याचा मोह होतो. ग्रेटलच्या टेस्ट्स मेनूत चल वगळण्याच्या खिडकीत क्रमाक्रमाने आपोआप गाळण्याची सोयही आहे. मल्टिकोलिनिॲरिटी असताना ती सोय वापरू नका. दोन अडकलेल्या चलांपैकी कोणाचे पी-मूल्य (जेवढे लहान तेवढा चल लक्षणीय) जास्त येते हे नमुन्याच्या नशिबावर असते. दहा शेतकरी बदलले तर दुसराच चल गाळला जाईल. शिवाय खरोखर परिणाम करणारा चल काढला की त्याचा परिणाम उरलेल्या चलाच्या खात्यावर जमा होतो, आणि तो चल मग फार लक्षणीय दिसतो. निकाल साफ दिसतो, पण चुकीचा असतो.

त्याच खिडकीचा योग्य उपयोग वेगळा आहे. अडकलेले चल एकत्र निवडा आणि सर्वांची मिळून एफ चाचणी घ्या. एकेकटे लक्षणीय नसलेले युरिया आणि डीएपी मिळून लक्षणीय आले, तर प्रामाणिक निष्कर्ष असा: खताचा परिणाम आहे, पण या नमुन्यातून युरियाचा किती व डीएपीचा किती हे वेगळे करता येत नाही. प्रबंधात हे वाक्य लिहायला लाजू नये. यापेक्षा जास्त सांगणारा निकाल खोटा ठरेल. दोघांऐवजी एकरी खताचा एकच निर्देशांक करणेही चालते, अट एवढीच की तो निर्देशांक कृषी अधिकाऱ्याला आणि शेतकऱ्याला समजेल असा असावा.

चांगला उपाय आकडेवारीच्या मुळाशी जाण्याचा. सगळ्या शेतकऱ्यांनी एका युरियामागे अर्धा डीएपी हेच प्रमाण धरले असेल तर तसे आणखी शंभर शेतकरी आणून फारसा फायदा नाही. प्रमाण मोडणारे शेतकरी शोधा: शेणखतावर भर देणारे, ठिबकने विद्राव्य खते देणारे, १०:२६:२६ वापरणारे. नदीकाठच्या काळ्या रानासोबत माळरानाचे प्लॉट घ्या. फाउंड्रीत तर हे अधिक सोपे, कारण तिथे चल तुमच्या हातात आहेत. कार्बन वाढला की सिलिकॉन कमी करून सीई एका जागी ठेवण्याची शिस्त असते, म्हणून रोजच्या रजिस्टरमध्ये दोघे उलटे जुळलेले दिसतात. विनिर्देशाच्या मर्यादेतच राहून कार्बन कमी-जास्त आणि सिलिकॉन कमी-जास्त अशा चारही जोड्यांच्या मोजक्या हीट मुद्दाम घेतल्या, तर रजिस्टरची जाडजूड वही जे सांगू शकत नाही ते त्या सांगतील.

कधी काहीच करू नये? फक्त अंदाज बांधायचा असेल, जसे की पुढच्या हंगामात किती ऊस येईल, आणि पुढेही हे चल आजच्यासारखेच एकत्र चालणार असतील, तर गुंत्याने अंदाजाचे नुकसान होत नाही. गुंता फक्त नियंत्रणासाठी घातलेल्या चलांत असेल आणि तुमच्या मुख्य चलाचा व्हीआयएफ लहान असेल, तरीही हात लावू नका.

रिज रिग्रेशन ही होर्ल आणि केनार्ड यांनी १९७० मध्ये मांडलेली वाट. गुणकांना थोडे शून्याकडे खेचायचे, त्याबदल्यात त्यांचे डोलणे कमी करायचे. ग्रेटलमध्ये यासाठी रेग-एलएस नावाचे ॲडऑन आहे. त्यात रिज, लासो आणि दोन्हींचे मिश्रण असलेले इलॅस्टिक नेट मिळते, आणि किती खेचायचे ते क्रॉस-व्हॅलिडेशनने (आकडेवारीचा काही भाग बाजूला ठेवून त्यावर तपासून) ठरवता येते. अंदाजासाठी चांगले. पण रिजच्या गुणकांना नेहमीचे पी-मूल्य लावता येत नाही, कारण ते जाणूनबुजून एका बाजूला झुकवलेले असतात. लासो तर बहुतेकदा अडकलेल्या जोडीतला एक ठेवून दुसऱ्याला शून्य करते, आणि कोणाला ठेवले याला शेतीशास्त्राचा आधार नसतो. प्रिन्सिपल कंपोनंट्सही (चलांची बेरीज-वजाबाकी करून बनवलेले घटक) ग्रेटल काढून देते आणि नवे चल म्हणून साठवते. ते परस्परांपासून मोकळे असतात हे खरे, पण ०.४ पाऊस अधिक ०.५ पाळ्या उणे ०.३ युरिया या घटकाचे शेतकऱ्याने काय करायचे?

उणिवा आणि इतर साधने

ग्रेटलची खरी उणीव वर्गवार चलांत आहे. समजा २०० शेतकऱ्यांत निपाणीचे १०, चिकोडीचे ७०, अथणीचे ६० आणि खानापूरचे ६० आहेत. निपाणीला आधार धरून बाकी तिघांचे डमी घातले तर चिकोडीचा व्हीआयएफ ५.२ आणि इतर दोघांचा ४.९. चिकोडीला आधार धरले तर अथणी-खानापूरचा १.३ आणि निपाणीचा १.०९. मॉडेल तेच, आकडेवारी तीच, फक्त तुलनेचा पाया बदलला. म्हणून आधार नेहमी मोठ्या गटाचा घ्या. गटाचा एकत्रित व्हीआयएफ, ज्याला जीव्हीआयएफ म्हणतात, ग्रेटलच्या या खिडकीत नाही. त्यासाठी आरमधले कार हे पॅकेज लागते.

एक्सेलच्या डेटा ॲनालिसिस टूलपॅकमध्ये व्हीआयएफ मिळत नाही, आणि १६ पेक्षा जास्त चलही घेता येत नाहीत. तरी काम काढता येते: सहसंबंधाचा तक्ता घ्या, टूलपॅक फक्त खालचा त्रिकोण भरतो म्हणून वरचा त्रिकोण स्वतः भरा, मग एम-इन्व्हर्स (MINVERSE) या सूत्राने त्याचा व्यस्त काढा. कर्णावरचे आकडे म्हणजेच व्हीआयएफ. पूर्ण गुंता असेल तर एक्सेल चल गाळल्याचे शब्दांत सांगत नाही. गुणक ०, प्रमाणित त्रुटी ० आणि टी-मूल्य ६५५३५ दिसले की ओळखावे.

जामोवी दिसायला ग्रेटलपेक्षा सुंदर आणि शिकायला सोपे, पण व्हीआयएफ आणि टॉलरन्सवर (व्हीआयएफचा व्यस्त) थांबते. जास्प कंडिशन इंडेक्स व वाटे दोन्ही देते आणि तेही फुकट आहे. ज्यांना अर्थमितीची बाकी साधने नकोत त्यांनी ते घ्यायला हरकत नाही. एसपीएसएसमध्ये हा तक्ता आहे, पण त्यासाठी पैसे मोजावे लागतात. पायथनचे स्टॅट्समॉडेल्स वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात: व्हीआयएफ काढताना स्थिरांकाचा स्तंभ स्वतः जोडावा लागतो, नाहीतर आकडे भलतेच फुगतात, आणि निकालाखाली छापला जाणारा कंडिशन नंबर मोजमापाच्या एककावर बदलतो, किलोऐवजी क्विंटल घेतले की तोही बदलतो.

प्रबंध किंवा अहवाल देताना ग्रेटलची आज्ञांची नोंद साठवून ती जोडा. मेनूतून केलेली कामेही तिथे ओळीओळीने उतरलेली असतात, त्यामुळे मार्गदर्शकांना कोणता चल कधी वगळला आणि कोणता मोठा गट आधार धरला हे पुन्हा चालवून पाहता येते. सोबत व्हीआयएफची यादी, तक्त्याच्या ३० वरच्या ओळी आणि एकत्रित एफ चाचणीचा निकाल द्या. व्हीआयएफ १० पेक्षा कमी होता एवढेच लिहिलेला अहवाल अपुरा समजावा.